बँडवाल्याच्या कोटाचं अस्तर

"धाकटीकडे असतंच," हे वाक्य त्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं, की नुसतं कानावर पडलं तरी थोरलीच्या कपाळावरची शीर आपोआप उडायची.

घर दोन मजली. वर थोरला भाऊ, त्याची बायको थोरली आणि त्यांची लेक, खाली धाकटा भाऊ आणि त्याची बायको धाकटी. थोरलीची शिवणाची खोली मात्र खालीच, दारातून शिरताना डाव्या हाताला, गिऱ्हाइकांना जिना चढायला नको म्हणून. थोरला शाळेच्या बसवर ड्रायव्हर, धाकटा छापखान्यात कामाला. धाकटी औषधाच्या दुकानात अर्धा दिवस काउंटरवर उभी राहायची आणि थोरलीच्या निम्मंही कमवायची नाही. हे 'निम्मंही' महत्त्वाचं. थोरलीने ते मनात हजारदा घोळवलं होतं. निम्मंही कमवत नाही, आणि घरात काही बिघडलं की घरची सगळी मंडळी बघतात कुणाच्या तोंडाकडे? तिच्या.

कारण धाकटीचा डबा. बिस्किटांचा जुना चौकोनी पत्र्याचा डबा, आणि त्यात दुकानातून आणलेली कागदी पाकिटं, गोळ्या घालून देतात तसली. प्रत्येक पाकिटावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. 'बंद पडेल ते.' 'गळेल ते.' 'अचानक येईल ते.' पगार झाला की धाकटी प्रत्येकात थोडं थोडं सारायची. थोरलीने एकदाच तो डबा उघडा पाहिला होता आणि हसली होती. "अगं, न आलेल्या संकटाला तू आधीच खुर्ची मांडून ठेवतेस," असं म्हणालीही होती. धाकटी नुसतीच हसली. पुढच्या महिन्यात थोरलीचा फ्रिज बंद पडला.

मग लेकीचा चष्मा फुटला. मग गच्चीवरचा पत्रा वाऱ्याने उडाला. तिन्ही वेळा थोरल्याने जिन्यावरून खाली वाकून हाक मारली आणि तिन्ही वेळा धाकटीने पदराला हात पुसत डबा काढला. थोरलीने ते पैसे फेडले, नाही असं नाही. चिल्लर चिल्लर करून, दर वेळी एक सुस्कारा सोडून फेडले. पण पैसे फिटतात, वाक्य फिटत नाही. "धाकटीकडे असतंच. जरा शिक तिच्याकडून," थोरला जेवताना म्हणायचा, आणि थोरली ताटावरून उठायची.

तिला धाकटीचं काहीच बघवेनासं झालं होतं. तिचं हळू बोलणं, चपला जोडीने लावून ठेवणं, पिशव्यांच्या घड्या करणं. जेवायचीसुद्धा कशी, तर घास एका गालात धरून सावकाश चावायची, जणू घासही पुरवून पुरवून वापरायचा. "नखरे नुसते!" थोरली मनात म्हणायची. आपण हाताच्या सढळ, चार माणसं आली की चार पदार्थ करणाऱ्या, लेकीला मनासारखे बूट घेणाऱ्या. आणि कौतुक मात्र ह्या मुंगीचं. पोटात दुखायचं तिच्या. उगाच आडून कशाला सांगा, ती जळत होती, आणि ते तिलाही ठाऊक होतं.

तेव्हा तिने ठरवलं, आपणही साठवायचे. कुणाला न सांगता. आणि पुढच्या वेळी काही मोडलं, की धाकटी डब्याकडे वळायच्या आत आपण उठायचं, सगळ्यांसमोर, आणि म्हणायचं, "थांबा. मी देते." बस, एवढंच. तिला पैसा नको होता, तिला ते एक वाक्य हवं होतं.

पण तिच्या हातात पैसा टिकायचा नाही. कपाटात ठेवला तर थोरल्याला सापडायचा, डाळीच्या डब्यात ठेवला तर तिला स्वतःलाच सापडायचा. पैसे नवऱ्यापासून लपवणं सोपं. स्वतःपासून कसे लपवणार? त्यावर तिला उपाय सुचला तो तिच्याच धंद्यातला. शिवणाऱ्या बाईला जगात सगळ्यात जास्त कशाचा कंटाळा असेल, तर उसवण्याचा. आपल्या हाताने घातलेली नीट टीप आपल्याच हाताने उसवायची, ह्यासारखी शिक्षा नाही. पैसे शिवून टाकले तर ते राहतील.

आणि शिवायचे कशात, तेही ठरलेलंच होतं. खोलीच्या दारामागे खुंटीवर एक कोट तीन वर्षं लटकत होता. बाटलीच्या रंगाचा हिरवा, दोन रांगा पितळी बटणांचा, खांद्यावर सोनेरी गोंडे. एका ट्रम्पेट वाजवणाऱ्याने शिवायला टाकलेला. निम्मी शिलाई आगाऊ देऊन गेला, मग त्याचा बँड मोडला आणि तो फिरकलाच नाही. दुसऱ्याचा कोट, त्याला घरातलं कुणी हात लावणार नाही. दर शनिवारी थोरली खोलीचं दार लोटून घ्यायची, अस्तराची कड थोडी उकलायची, छातीवरच्या बक्रमाला लागून नोटा सपाट सारायची आणि चारी बाजूंनी टाके घालून चौकोन बंद करायची. कोटाची छाती ताठ करायला जे जाड कापड आत घालतात, तेच ते बक्रम. त्याच्यावर आता नोटांचं दुसरं बक्रम चढत होतं. डावी छाती भरली, मग उजवी भरली. कोट खुंटीवर कसा ऐटीत उभा राहिला, जणू आत कुणी श्वास रोखून बसलंय.

आता वाट बघायची होती ती फक्त काहीतरी बिघडायची. आणि इथेच गंमत झाली. ज्या घरात दुष्काळात तेरावा महिना आल्यासारखी संकटं यायची, त्या घरात काही मोडेचना! फ्रिज गारेगार, पत्रा घट्ट, लेकीच्या नाकावर चष्मा शाबूत. थोरली अक्षरशः देव पाण्यात घालून बसली, की काहीतरी मोडावं. जाता येता नळाला कान लावायची. एकदा दिराला म्हणाली, "भाऊजी, तुमच्या पंख्याचा आवाज जरा वेगळा येतोय का हो?" भाऊजींनी पंख्याला तेल घातलं. पंखा आणखी दोन वर्षं चालेल असा झाला. मधे एकदा खालच्या न्हाणीघरातला पाइप गळला, पण थोरली बाजारातून येईपर्यंत धाकटीने 'गळेल ते' पाकीट रिकामं करून प्लंबरला वाटेलाही लावलं होतं. त्या दिवशी थोरलीने भांडी अशी आपटली की शेजारीण विचारायला आली.

आणि मग एका मंगळवारी मोटर जळाली.

टाकीत पाणी चढवणारी मोटर, दोन्ही मजल्यांची एकच. थोरली सकाळपासून एका शाळेत गणवेशाची मापं घ्यायला गेली होती. संध्याकाळी पाच वाजता फाटकातून आत शिरली, तर अंगणात सगळे गोळा. मोटर उघडून पडलेली, जळक्या वार्निशाचा वास, आणि मोटरवाला उकिडवा बसून मान हलवत होता.

"वाइंडिंग गेलंय पार," तो म्हणाला. "तांब्याची तार आणायला निम्मे आत्ताच लागतील. बाकीचे चालू झाल्यावर द्या."

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने धाकटीकडे पाहिलं, आणि धाकटी पदराला हात पुसत आत वळली.

"थांब!" थोरली ओरडली. इतक्या जोरात, की मोटरवाल्याच्या हातातला पाना पडला. मग तिने आवाज खाली आणला, मनात शंभरदा घोटलेला तोच आवाज. "थांबा. ह्या खेपेला मी देते."

"तू?" थोरला म्हणाला.

"हो, मी. का? माझ्याकडे असू नयेत?"

ती खोलीकडे निघाली. मुद्दाम सावकाश निघाली. पाठीवर सगळ्यांची नजर आहे हे तिला जाणवत होतं आणि ते तिला इतकं आवडलं की आठ पावलांचं अंतर तिने पंधरा पावलांत कापलं. खोलीत शिरली, कात्री घेतली, दार पुढे ओढलं.

खुंटीवर नुसता हँगर होता.

तिने खुंटी पाहिली, खुंटीखालची जमीन पाहिली, मग कपड्यांचे सगळे गठ्ठे उपसले. गुडघ्यावर बसून मशीनखाली हात घातला. बाहेर मोटरवाला खोकला. शेवटी ती कात्री तशीच हातात घेऊन दारात आली. सगळे चेहरे तिच्याकडे वळलेले. काय सांगणार? गिऱ्हाइकाच्या कोटात पैसे शिवले होते, म्हणून? हात दाखवून अवलक्षण!

"इथेच ठेवले होते," ती म्हणाली. "सापडत नाहीयेत."

थोरला हसला. वाईट हसला नाही, ते एक वेळ परवडलं असतं, लाडाने हसला. "असू दे गं. असलेले पैसे सापडतात. जा गं धाकटे, तू आण."

धाकटी आत गेली. तिच्या मागोमाग थोरली गेली, कारण तिला कुणाच्याच तोंडाकडे बघवत नव्हतं.

स्वयंपाकघरात धाकटी स्टुलावर चढून डबा काढत होती. थोरलीला पाहिलं तशी तिचा चेहरा उजळला. "ताई, बरं झालं आलात. मोटरच्या गडबडीत सांगायचं राहिलंच की! तुमचा तो बँडवाला आला होता दुपारी. त्याला नव्या बँडमध्ये जागा मिळाली. मी कोट दिला, राहिलेली शिलाई पुरेपूर घेतली, एक पैसा सोडला नाही." आणि तिने एक पाकीट पुढे केलं. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ताईंची शिलाई.'

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ओरडू शकत नव्हती, अंगणात ऐकू गेलं असतं. ती दात आवळून बोलली, आणि तसं बोलणं ओरडण्यापेक्षा वाईट असतं.

"तुला कुणी सांगितलं होतं गं माझ्या खोलीत जायला? तीन वर्षं होता ना तो कोट तिथे? तुला काय टोचत होता? त्यात माझे पैसे होते. अस्तरात. सात महिन्यांचे. एकदा, फक्त एकदा मला सगळ्यांसमोर द्यायचे होते. तेही तुला बघवलं नाही. सगळं तुझ्याकडेच असायला हवं, नाही का?"

हे अन्यायाचं होतं. बोलतानाच तिला ते कळत होतं, पण जीभ एकदा उतरणीला लागली की थांबते कुठे! धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. ती स्टुलावरून उतरली आणि हलक्या आवाजात एवढंच म्हणाली, "मला खरंच ठाऊक नव्हतं हो ताई. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

तिने डबा ओट्यावर ठेवून उघडला. थोरलीने रागातच आत पाहिलं, आणि पाहतच राहिली. सगळी पाकिटं चपटी. 'बंद पडेल ते' रिकामं, 'गळेल ते' रिकामं. एकच पाकीट फुगलेलं होतं, आणि हात लागून लागून मऊ पडलेलं. त्यावर लिहिलं होतं, 'दाढ.' त्याच्या खाली बारीक अक्षरात तीन ओळी होत्या. 'वर, फ्रिज.' 'वर, चष्मा.' 'वर, पत्रा.'

वर म्हणजे वरचा मजला. वर म्हणजे थोरली.

"कुणाची दाढ?" तिने विचारलं.

"माझीच. ही, उजवीकडची." धाकटीने गालाला बोट लावलं. "त्यात काय एवढं? मी डावीकडून चावते. सवय झालीय आता." बोलता बोलता तिने पाकीट हातावर उलटं केलं, नोटा सारख्या केल्या आणि अंगणात जाऊन मोटरवाल्याला दिल्या. बाहेरून थोरल्याचा आवाज आला, "बघा! धाकटीकडे असतंच."

थोरली तिथेच उभी राहिली. घास एका गालात धरून सावकाश चावणारी धाकटी तिच्या डोळ्यांसमोर आली. नखरे म्हणाली होती ती त्याला. तीनदा त्या बाईने दाढेचे पैसे जमवले आणि तीनदा ते जिना चढून वर गेले. आता चौथ्यांदा अंगणात गेले. कुणालाही वाटेल की इथे थोरलीचं मन विरघळलं असेल. तसं झालं नाही. तिला आणखीच जळफळाट झाला. हेवा करायचा तोही एक आधार असतो माणसाला. ह्या बाईने तोही काढून घेतला होता.

पुढचे दोन दिवस तिने बँडवाल्याला शोधण्यात घालवले. जुन्या पत्त्यावर कुणी नव्हतं. एका वाद्यांच्या दुकानात चौकशी केली, तर दुकानदार म्हणाला, ट्रम्पेटवाले काय, दहा आहेत. शुक्रवारी सकाळी ती खोलीत डोक्याला हात लावून बसली होती, तेव्हा दारात तोच उभा. हातावर हिरवा कोट, आणि चेहऱ्यावर तक्रार.

"बाई, हे बक्रम कसलं घातलंय तुम्ही?" तो म्हणाला. "छाती भरून श्वास घेतला की कोट खडखडतो. काल सरावाला मास्तरांनी मला थांबवलं. म्हणाले, अरे, तू वाजव, तुझ्या कोटाला वाजवायला लावू नकोस!"

थोरलीने कोट असा ओढून घेतला की तो दोन पावलं मागे सरला. "चूक झाली. दुसरं घालून देते. बसा तुम्ही, नको, बाहेर जाऊन चहा पिऊन या. माझ्याकडून."

आयुष्यात पहिल्यांदा तिने उसवण्याचं काम आनंदाने केलं. एक एक चौकोन उघडत गेला. सगळे होते. नोटा घामाने किंचित दमट झाल्या होत्या, एवढंच. त्या ओढणीखाली धरून ती उठली, आणि संध्याकाळचं चित्र तिच्यासमोर उभं राहिलं. मोटरचे उरलेले पैसे न्यायला मोटरवाला येईल. सगळे अंगणात असतील. मग ती उठेल. झाकली मूठ उघडेल.

ती धाकटीला दाखवायला म्हणून आधी स्वयंपाकघरात गेली. खरं तर मिरवायलाच गेली. धाकटी भिंतीला टेकून बसली होती. उजवा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता आणि अंग तापाने फणफणत होतं.

"मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्यात," ती कशीबशी म्हणाली. "उतरेल."

थोरलीने हातातल्या नोटांकडे पाहिलं. मग तिच्या गालाकडे पाहिलं. "ऊठ," ती म्हणाली. आवाज चांगला खेकसल्यासारखा निघाला. "चप्पल घाल."

दातांच्या डॉक्टरने दिवा पाडून आत पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून च्च केलं. मुळाशी पू झाला होता, हाडापर्यंत गेला होता. कापून काढावी लागणार, टाके पडणार. "दोन वर्षांपूर्वी आला असतात, तर नुसतं भरून भागलं असतं," तो म्हणाला.  थोरलीने मनात हिशेब केला. दोन वर्षांपूर्वी तिचा फ्रिज बंद पडला होता.

आत बोलावण्याआधी धाकटीने तिचा हात धरला. "ताई, एक ऐका. घरी सांगू नका, तुम्ही दिलेत म्हणून."

"का म्हणून नाही सांगायचं?" थोरली फुरंगटून म्हणाली.

"ह्यांनी तेव्हाच विचारलं होतं, दाढेचं काय झालं. मी सांगितलं, बरी झाली. आता तुम्ही पैसे दिलेत म्हटलं, की हे विचारणार, डब्यातले दाढेचे कुठे गेले? मग सगळंच निघेल. दाढेचे पैसे तीनदा वर गेले हे कळलं, तर पुन्हा मला डबा उघडू देणार नाहीत. भावाभावांत वाकडं येईल. वचन द्या मला."

वचन! थोरलीने आढ्याकडे पाहिलं. सात महिने ज्या एका वाक्यासाठी शिवत बसले, ते वाक्य हिला हवंय. तेही फुकट. पण धाकटीचा हात विस्तवासारखा तापला होता.

"दिलं," ती म्हणाली. "जा आता."

कोटाच्या डाव्या छातीचे पैसे गेले आणि उजव्या छातीचेही गेले. औषधं घेऊन उरले ते मोटरवाल्याच्या बाकीला जेमतेम पुरतील एवढे. ते तिने औषधाच्या एका कोऱ्या पाकिटात घालून पाकीट धाकटीच्या मुठीत कोंबलं.

संध्याकाळी मोटर सुरू झाली. पाणी टाकीत चढल्याचा आवाज आला तसे सगळे अंगणात जमले. धाकटी खुर्चीवर, गालात कापसाचा बोळा, तोंड बंद. तिने पाकीट नवऱ्याच्या हाती दिलं आणि नवऱ्याने ते मोटरवाल्याला दिलं. थोरला जिन्याच्या पायरीवर बसला होता. त्याने आधी मोटरकडे पाहिलं, मग धाकटीच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं, आणि बायकोकडे वळून कौतुकाने म्हणाला, "बघितलंस? एका आठवड्यात मोटरही झाली आणि दाढही झाली. कुणापुढे हात पसरला का तिने? धाकटीकडे असतंच. जरा शिक गं तिच्याकडून."

थोरली जळली. अगदी पहिल्यासारखी, पायापासून डोक्यापर्यंत जळली. तिच्या ओढणीला अजून हिरवे दोरे चिकटलेले होते.

धाकटी मात्र एकदम खुर्चीवरून अर्धवट उठली. डोळे भरून आले होते. हात वर करून, बोळ्यातूनच काहीतरी बोलायला ती तोंड उघडू लागली, थोरलीकडे बोट दाखवून. सगळे तिच्याकडे वळले.

थोरली दोन ढांगांत तिच्यापाशी पोहोचली आणि तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं.

"गप्प बस," ती म्हणाली. "तोंड उघडू नकोस. टाके उसवतील."